जीआर निघाला, पुढे काय? मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीच्या सरकारी कामाचा मुंबईतून माग ठेवण्याची रीत

जून ते ऑक्टोबर हा घोषणांचा हंगाम. २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन, १० सप्टेंबरला आत्महत्या प्रतिबंध दिन, १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन. या तारखांच्या आगेमागे नवी केंद्रे, नव्या हेल्पलाइन आणि नवे कृती आराखडे जाहीर होतात. पुढच्या वर्षी त्याच तारखेला आणखी नवे जाहीर होतात आणि आधीच्यांचे काय झाले, हे विचारायचे राहून जाते. ते कुणाला विचारायचे, कोणत्या कागदाच्या आधारे आणि उत्तर आल्यावर ते वाचायचे कसे, एवढ्यापुरता हा लेख आहे. रुग्णांचे नातेवाईक, समाजकार्याचे विद्यार्थी, वस्तीत काम करणाऱ्या संस्था आणि आरोग्याची बीट नव्याने मिळालेले पत्रकार यांना तो उपयोगी पडावा. वकील असण्याची गरज नाही. एक वही, दर तिमाहीला दोन-तीन दिवस आणि तोच प्रश्न न कंटाळता पुन्हा विचारण्याची तयारी पुरते.

पहिले काम: मुदत असलेली वचने निवडा

नवखा माणूस 'मानसिक आरोग्याची परिस्थिती' मोजायला निघतो आणि दोन महिन्यांत थकतो. परिस्थिती मोजता येत नाही. सरकारने स्वतः लिहून दिलेले, शक्यतो तारीख असलेले वचन मोजता येते. अशी चार-पाचच निवडा.

सगळ्यात भक्कम वचने मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ या कायद्यात आहेत. राष्ट्रपतींची संमती ७ एप्रिल २०१७ ची, अंमल २०१८ पासून. संमतीपासून नऊ महिन्यांत प्रत्येक राज्याने राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण स्थापन करावे, असे कलम ४५ सांगते. प्राधिकरणाने वर्षातून किमान चार बैठका घ्याव्यात, नोंदणीकृत मानसिक आरोग्य आस्थापनांची दर तीन वर्षांनी तपासणी करवून घ्यावी, हेही कायद्यातच आहे. कलम १८ नुसार अत्यावश्यक औषध यादीतली औषधे सरकारी आरोग्य संस्थांत, ग्रामीण भागात बोलायचे तर ग्रामीण रुग्णालयापासून वर, सर्वकाळ मोफत मिळायला हवीत. 'सर्वकाळ' हा शब्द अधोरेखित करून ठेवा, पुढे लागेल. कलम ३१ मध्ये कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांत लोकसंख्येच्या प्रमाणात तज्ज्ञांची संख्या आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्याचे 'प्रयत्न' करण्याचे बंधन आहे. ही मुदत २०२८ मध्ये संपते. 'प्रयत्न' या शब्दामागे लपायला जागा आहे हे खरे, पण प्रयत्नांची फाइल मागता येते.

दुसरा आधार राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणाचा. ते नोव्हेंबर २०२२ मध्ये आले आणि त्याचे टप्पे सोपे आहेत: तीन वर्षांत पाहणी-नोंदीची यंत्रणा, पाच वर्षांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून सर्व जिल्ह्यांत मनोविकार ओपीडी, आठ वर्षांत शिक्षणसंस्थांच्या अभ्यासक्रमात मानसिक स्वास्थ्याचा समावेश, आणि २०३० पर्यंत आत्महत्यांच्या मृत्युदरात १० टक्के घट. पहिली मुदत नोव्हेंबर २०२५ मध्येच पुरी झाली, दुसरी २०२७ मध्ये होते. महाराष्ट्राला या धोरणाकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशातल्या १,७०,९२४ आत्महत्यांपैकी २२,७४६ या राज्यातल्या होत्या आणि तो सर्व राज्यांतला सर्वांत मोठा आकडा होता. मात्र आत्महत्यांच्या एका वर्षाच्या आकड्यावरून सरकारचे प्रगतिपुस्तक भरू नका. अहवाल वर्षभर तरी उशिरा येतो, कारणांचे रकाने पोलिसांच्या नोंदीवर भरतात आणि पाचसहा वर्षांचा कल पाहिल्याशिवाय त्यातून काही कळत नाही.

जाता जाता एक गोष्ट. २०१५-१६ चे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बंगळुरूच्या निमहान्स या केंद्रीय मानसिक आरोग्य संस्थेने बारा राज्यांत केले. त्यात महाराष्ट्र नव्हता. कुणी 'सर्वेक्षणानुसार राज्यात इतके टक्के' असे सांगू लागला, तर आधी कोणते सर्वेक्षण, ते विचारा.

दुसरे काम: जबाबदारीचा नकाशा काढा

मुंबईत निम्मी पत्रे चुकीच्या टेबलावर जातात, ती इथेच चुकतात. इतर जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालय असते, जिल्हा शल्यचिकित्सक असतो, जिल्हा परिषद असते. मुंबईत जिल्हा परिषद नाही. महसुली जिल्हे दोन, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. दवाखान्यांचे जाळे मात्र महापालिकेचे. त्यामुळे एकाच रुग्णाची वाट चार-पाच खात्यांतून जाते.

केईएम, शीव, नायर, कूपर ही रुग्णालये आणि वॉर्डातले दवाखाने महापालिकेचे. आरोग्य खात्याच्या कार्यकारी आरोग्य अधिकाऱ्यांचे कार्यालय परळला एफ/दक्षिण विभागाच्या इमारतीत आहे. वैद्यकीय महाविद्यालये जोडलेली मोठी रुग्णालये पालिकेतही वेगळ्या व्यवस्थेखाली चालतात, म्हणून दवाखान्यांचा प्रश्न परळला आणि केईएमचा प्रश्न केईएमच्या अधिष्ठात्यांच्या कार्यालयातल्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे. जे. जे. राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. मनोरुग्णालये, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि राज्य प्राधिकरण हा सार्वजनिक आरोग्य विभागाचा विषय. विभागाची कचेरी गोकुळदास तेजपाल (गो. ते.) रुग्णालय संकुलात आणि आरोग्य सेवा आयुक्तालय सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातल्या आरोग्य भवनात. दोन्ही सीएसएमटीपासून चालत जाण्याजोगी, एका फेरीत दोन्हीकडे टपाल देता येते.

मुंबईत प्रादेशिक मनोरुग्णालय नाही. राज्यात अशी चारच होती आणि शहरातले अनेक जण वर्षानुवर्षे त्यातल्या ठाण्याच्या रुग्णालयात जात आले आहेत. बाकीची येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत. ठाण्याचे रुग्णालय १९०१ चे. त्याच्या पुनर्बांधणीची योजना आणि आवारातली काही जमीन ठाणे-मुलुंड दरम्यानच्या नव्या रेल्वे स्थानकासाठी देण्याचा विषय एकाच नकाशावर आहेत. तेव्हा मुंबईत बसून माग ठेवणाऱ्याने ठाणे सोडून चालत नाही.

व्यसनमुक्तीचे घर आणखी वेगळे. संस्थांच्या एकात्मिक व्यसनमुक्ती पुनर्वसन केंद्रांना अनुदान केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाकडून येते. राज्यातला दुवा सामाजिक न्याय विभाग, मुंबईसाठी समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांची कार्यालये चेंबूरला. अमली पदार्थ टोचून घेणाऱ्यांना त्याऐवजी देखरेखीखाली बुप्रेनॉर्फिन हे औषध देण्याची पर्यायी उपचारपद्धती एड्स नियंत्रण कार्यक्रमात मोडते, म्हणजे मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्था, वडाळा. दारूचे परवाने राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे, अमली पदार्थांचे गुन्हे पोलिसांकडे.

ही सगळी नावे एका कागदावर चौकोनांत लिहा आणि प्रत्येक वचनासमोर एकच चौकोन खुणा करा. दोन चौकोनांवर खूण करावीशी वाटली, तर प्रश्नाचे दोन तुकडे करा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे चुकीच्या कार्यालयाने अर्ज पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. प्रत्यक्षात तो टपालात फिरत राहतो आणि तुमची तिमाही जाते.

तिसरे काम: पैशाचा माग

शासन निर्णय म्हणजे खर्चाला परवानगी, खर्च नव्हे. शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर प्रत्येक जीआरला १८ अंकी संकेतांक असतो. पीडीएफ उतरवून घ्या आणि संकेतांक वहीत लिहा, कारण पुढच्या प्रत्येक पत्रात 'आपल्या विभागाचा अमुक दिनांकाचा निर्णय, संकेतांक अमुक' असे लिहिले की टोलवाटोलवी निम्मी होते. जीआर वाचताना शेवटची दोन पाने आधी वाचा. खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कोणत्या क्रमांकाच्या ओळीत टाकायचा, ते तिथे असते. लेखाशीर्षच नसलेला, 'उपलब्ध निधीतून भागवावा' असे म्हणणारा जीआर असेल तर वहीत लाल खूण करा. त्याला पैसा नाही.

राज्याच्या अर्थसंकल्पात आरोग्याचा महसुली खर्च प्रधान शीर्ष २२१० खाली, बांधकामे ४२१० खाली. व्यसनमुक्तीच्या प्रचाराचा खर्च सामाजिक सुरक्षेच्या २२३५ खाली शोधा. दारूपासूनचा महसूल जमेच्या बाजूला ००३९ वर असतो. ही दोन पाने शेजारी ठेवून पाहावीत. एकाच सरकारच्या दोन खात्यांना एकमेकांच्या विरुद्ध उद्दिष्टे दिलेली तिथे दिसतात, आणि कोणते उद्दिष्ट भारी आहे तेही.

प्रत्येक ओळीचे तीन आकडे उतरवा: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. हे तीन एकाच वर्षाचे मिळायला तीन अर्थसंकल्प लागतात, कारण प्रत्यक्ष खर्च दोन वर्षांनंतरच्या पुस्तकात छापला जातो. नवखे लोक एकाच पुस्तकातले तीन रकाने एका वर्षाचे समजून तुलना करतात. रकान्याच्या डोक्यावरचे वर्ष दोनदा वाचा. चालू वर्षासाठी बीम्स या राज्याच्या ऑनलाइन निधी-वितरण प्रणालीवर किती निधी वितरित झाला, किती खर्ची पडला, ते लेखाशीर्षनिहाय दिसते. डिसेंबरअखेर वितरण निम्म्याच्या आत असेल तर मार्चमध्ये घाईने खर्च होईल किंवा निधी परत जाईल. दोन्हींचा पुरावा बीम्सवरच राहतो, फक्त ३१ मार्चच्या रात्रीपर्यंतची पाने वेळोवेळी साठवलेली हवीत.

अर्थसंकल्पाच्या काही मराठी पीडीएफमध्ये जुने फाँट असतात. शोधपट्टीत 'मनोरुग्णालय' टाकल्यावर काहीच सापडत नाही आणि तरतूदच नाही असा समज होतो. अशा वेळी लेखाशीर्षाचा आकडा टाकून शोधा, तेही जमले नाही तर पाने उलटा.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतो, केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के. राज्याने मागितले काय आणि केंद्राने मंजूर केले काय, हे अभियानाच्या कार्यक्रम अंमलबजावणी आराखड्यात आणि त्यावरच्या मंजुरीच्या इतिवृत्तात असते. हे आराखडे अलीकडे दोन वर्षांचे होतात (२०२२-२४, २०२४-२६). मागितलेल्या आणि मंजूर रकमेत फरक असेल तर शेऱ्यांचा रकाना वाचा. 'मागील निधी अखर्चित' असा शेरा दिसला की पुढचा प्रश्न आपोआप ठरतो. महापालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या सुरुवातीला येतो. त्यातल्या आरोग्याच्या भाषणापेक्षा मागच्या वर्षीच्या भाषणातल्या योजनांची यादी घेऊन बसणे जास्त उपयोगाचे.

चौथे काम: माहिती अधिकाराचा अर्ज, पण नीट

महाराष्ट्रात अर्जाची फी १० रुपये. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर भरता येते किंवा कागदी अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लावता येतो. छायाप्रतींना पानाला २ रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस. पहिले अपील ३० दिवसांत, दुसरे ९० दिवसांत, दोन्हींना २०-२० रुपये. राज्याच्या नियमांत एक खास अट आहे: एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांपर्यंत. ही अट न पाळल्याने फेटाळलेले अर्ज पैशाला पासरी. म्हणून मनुष्यबळाचा एक, औषधांचा एक, बैठकांचा एक, असे तीन अर्ज करा. तीस रुपये गेले तरी चालतील.

'का' विचारू नका. 'पदे का भरली नाहीत?' याला 'प्रश्नार्थक माहिती देय नाही' असे एका ओळीचे उत्तर येते. कागद मागा. मजकूर साधारण असा:

'विषय: जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, मनुष्यबळ. कालावधी: १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५. (१) मुंबई शहर व मुंबई उपनगर जिल्ह्यांसाठी मंजूर पदांची पदनामनिहाय संख्या दर्शवणाऱ्या आदेशाची प्रत. (२) ३१ मार्च २०२५ रोजी नियमित, कंत्राटी व प्रतिनियुक्तीवर भरलेल्या पदांचा तक्ता. (३) रिक्त पदांसाठी या कालावधीत काढलेल्या जाहिरातींच्या प्रती. (४) राज्यस्तरावर पाठवलेल्या मासिक अहवालांच्या प्रती. माहिती उपलब्ध नसल्यास तसे मुद्देनिहाय नमूद करावे.'

शेवटच्या वाक्यात अर्जाचा अर्धा जीव आहे. ते नसले की चारपैकी दोन मुद्द्यांची माहिती येते आणि उरलेल्या दोनांवर मौन. मासिक अहवाल मागण्याचे कारण असे, की तो आधीच तयार असतो. नवा तक्ता बनवून मागितला की 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' असे उत्तर येते. आकडे फार पसरलेले असतील तर प्रती न मागता कार्यालयात जाऊन अभिलेख पाहण्याची मागणी करा, पहिला तास विनामूल्य असतो. जिल्हास्तरीय आणि त्याखालची कार्यालये व स्थानिक स्वराज्य संस्था यांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहण्यासाठी खुले ठेवावेत, असा २०१८ चा शासन आदेश आहे. त्याची प्रत सोबत न्या. खिडकीवरच्या लिपिकाला तो ठाऊक असेलच असे नाही.

रुग्णाचे नाव, निदान, केसपेपर नंबर चुकूनही मागू नका. संख्या मागा. व्यक्तिगत माहितीच्या कारणावरून सगळाच अर्ज फेटाळायला ते निमित्त होते, आणि मागणे मुळात चूकही आहे.

दुसऱ्या अपिलाची सुनावणी राज्य माहिती आयोगात लागायला वर्षही उलटते. अपील करून ठेवा, पण त्याची वाट पाहत बसू नका. पुढच्या तिमाहीचा नवा अर्ज त्याच नमुन्यात टाका. वर्षभरात चार उत्तरे शेजारी ठेवली की अपिलापेक्षा जास्त बोलतात.

पाचवे काम: उत्तराची भाषा शिका

सरकारी उत्तरात खोटे क्वचितच असते, पण बरेच काही न सांगितलेले असते. 'निरंक' म्हणजे शून्य. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे (रुग्णांचे अर्ज ऐकणारे, याच कायद्यातले मंडळ) आलेले अर्ज 'निरंक' असतील, तर रुग्ण समाधानी आहेत असा अर्थ काढू नका. मंडळ अस्तित्वात आहे हे रुग्णाला कुणी सांगितले का, प्रवेशाच्या वेळी हक्कांचा कागद दिला का, वॉर्डात फलक आहे का, हे पुढचे प्रश्न. अर्जाला फी नाही, त्यामुळे पैशाचे कारण देता येत नाही. कलम ८९ खाली दुसऱ्याच्या आधाराने दाखल केलेल्या रुग्णाची खबर मंडळाला सात दिवसांत द्यायची असते, महिला किंवा अल्पवयीन असल्यास तीन दिवसांत. असे दाखल केलेल्या रुग्णांची संख्या आणि मंडळाला गेलेल्या खबरींची संख्या जुळते का, ते पाहा. जुळत नसेल तर 'निरंक'चे कारण सापडले.

'कार्यवाही सुरू आहे' याला तारीख नसते. पुढच्या अर्जात 'कार्यवाहीच्या शेवटच्या टिपणीची प्रत' मागा. टिपणीवरची तारीख आठ महिने जुनी निघाली की वेगळे काही म्हणावे लागत नाही. 'पदे भरण्यात आली' यातून नियमित, कंत्राटी, प्रतिनियुक्ती असे कळत नाही. एकच मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातले दोन-दोन दिवस तीन ठिकाणी जात असेल, तर तीन तक्त्यांत तीन भरलेली पदे दिसू शकतात. म्हणून पदाबरोबर ओपीडीचे वार आणि वेळ मागा.

विधिमंडळातल्या तारांकित (मंत्र्याने सभागृहात उत्तर द्यायच्या) प्रश्नांच्या उत्तरांचीही स्वतःची बोली आहे: 'हे खरे आहे', 'हे अंशतः खरे आहे', 'हे खरे नाही', 'प्रश्न उद्भवत नाही'. 'अंशतः' दिसले की थांबा. नेमका कोणता अंश खरा, ते पुढच्या परिच्छेदात कुठेतरी लपलेले असते, आणि बहुधा तीच बातमी असते.

सगळ्यात वजनदार उत्तर न्यायालयातले. मुंबई उच्च न्यायालयात मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेमुळे या कायद्याच्या अंमलबजावणीचा प्रश्न आला. प्राधिकरण, मंडळे आणि बरे होऊनही वर्षानुवर्षे रुग्णालयातच राहिलेले लोक यांबद्दल राज्याला तिथे उत्तरे द्यावी लागली. न्यायालयाचे आदेश संकेतस्थळावर मिळतात. प्रतिज्ञापत्रातला आकडा आणि माहिती अधिकारात आलेला आकडा वेगळा असेल, तर दोन्हींच्या प्रती जोडून खुलासा मागा. शपथेवर दिलेल्या आकड्याबद्दल कुणी 'टंकनदोष' म्हणत नाही.

सहावे काम: औषधाच्या खिडकीपाशी उभे राहा

कागदावरचे सगळे अखेर इथे तपासले जाते. दर तिमाहीला त्याच तीन-चार ठिकाणी, ओपीडीच्या दिवशी जा. ठिकाणे बदलू नका, नाहीतर तुलना होत नाही. दहा औषधांची यादी पुरे: रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल, क्लोझापिन, लिथियम, सोडियम व्हॅल्प्रोएट, एस्सिटालोप्राम, लोराझेपाम, व्यसनमुक्तीसाठी नाल्ट्रेक्सोन आणि थायमिन. आहे किंवा नाही, आणि किती दिवसांचे देतात, एवढेच लिहा. 'आहे' लिहिलेले औषध सात दिवसांचेच मिळत असेल, तर विरारहून किंवा मानखुर्दहून येणाऱ्या मजुराचा महिन्यात चार दिवसांचा रोज बुडतो. मग औषध आहे आणि उपचार नाही.

लिथियमचा तुटवडा इतर तुटवड्यांसारखा मोजू नका. ते एकदम बंद झाले की आजार उलटण्याचा धोका मोठा असतो. शिवाय ते चालू असताना रक्तातली पातळी तपासावी लागते, म्हणून औषध आहे पण तपासणी बाहेरून, हीही त्रुटीच. क्लोझापिनला पांढऱ्या पेशींची तपासणी लागते, तिथेही तेच.

औषध नसण्याची कारणे तीन प्रकारची: मागणीच केली नाही, मागणी केली पण खरेदी झाली नाही, किंवा साठा भांडारात आहे आणि खिडकीपर्यंत आला नाही. राज्याच्या रुग्णालयांत साठ्याची नोंद ई-औषधी प्रणालीत असते. त्या महिन्याचा साठा अहवाल मागितला की तिन्हींपैकी कोणते, ते कळते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. पालिकेच्या रुग्णालयांचा हिशेब वेगळा. तिथे कलम १८ ची मोफत औषधे कशी लागू केली, हा प्रश्न पालिकेला लेखीच विचारा.

रुग्णालयात फोटो काढू नका. उपचार घेणाऱ्याचे छायाचित्र किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देण्यास कलम २४ मनाई करते. फलकाचा फोटो घेताना मागे कुणी बसलेले नाही ना, ते पाहा. औषध देणाऱ्याशी हुज्जत घालू नका. साठा त्याच्या हातात नसतो आणि पुढच्या तिमाहीला त्याच खिडकीवर जायचे असते. हेल्पलाइनवर खोटे फोनही करू नका. टेलिमानस (१४४१६) आणि व्यसनमुक्तीची १४४४६ या दोन्ही ओळींवर पलीकडे खरी रांग असते. तिथे आलेल्या कॉलची संख्या सरकार आनंदाने सांगते. तुम्ही विचारा, किती जणांना प्रत्यक्ष सेवेकडे पाठवले आणि त्यातले किती पोहोचले.

व्यसनमुक्तीचे आकडे: इथे जास्त सावध

कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था येतात. त्यामुळे रुग्ण ठेवून उपचार करणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्रालाही नोंदणी, साखळदंडाला बंदी आणि पुनर्विलोकन मंडळ हे सगळे लागू. केंद्रचालक म्हणतात आम्ही समाजकल्याणचे, आरोग्य विभाग म्हणतो ते अनुदानित संस्थेचे. म्हणून दोन याद्या मागवा: राज्य प्राधिकरणाकडे नोंदलेली केंद्रे आणि सामाजिक न्यायाकडून अनुदान घेणारी केंद्रे. पहिलीत नसलेली दुसरीतली नावे ही तुमची तिसरी यादी, आणि ती सगळ्यात महत्त्वाची.

२०२० पासूनच्या नशामुक्त भारत अभियानात 'इतक्या कोटी लोकांपर्यंत पोहोचलो' असे आकडे येतात. शपथ, फेरी, पथनाट्य. आमचे मत स्पष्ट आहे: हे रकाने वहीत घेऊच नका. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एम्सने केलेल्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणताही उपचार मिळाल्याचे आढळले होते. दाखल होऊन उपचार तर १८० पैकी एकाला. अंतर इथे आहे, शपथ घेणाऱ्यांच्या संख्येत नाही. मोजायचे ते असे: मंजूर खाटा, भरलेल्या खाटा, नवे रुग्ण, तीन महिन्यांनंतर संपर्कात असलेले रुग्ण. चौथा आकडा बहुतेक ठिकाणी नसतोच, तरी दर वेळी मागा. कुणी मागतो आहे हे कळल्याशिवाय तो ठेवायला सुरुवात होत नाही. महिलांसाठी खाटा किती, हे वेगळे विचारा. एकूण आकड्यात ते शून्य दिसत नाही.

पर्यायी उपचारपद्धतीत रोज हजेरी देणाऱ्यांची सरासरी मागा, नोंदलेल्यांची नको. नावे वहीत राहतात, माणसे गळतात. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४(अ) मध्ये स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला ठरावीक गुन्ह्यांत खटल्यापासून सूट आहे. वर्षभरात ती किती जणांना मिळाली, याचा एक अर्ज गृह विभागाकडे टाकून ठेवावा.

तुरुंगांचे थोडक्यात: प्रत्येक राज्यात किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना असावी, असे कलम १०३ म्हणते. ती कुठे, कधीपासून, खाटा किती, एवढा अर्ज वर्षातून एकदा पुरे.

वही कशी ठेवायची आणि कुठे न्यायची

एका वचनाला एक पान. वरती वचनाचे मूळ शब्द आणि कागदाचा क्रमांक, खाली तिमाहीनिहाय ओळी: तारीख, प्रश्न, कुणाला, आवक क्रमांक, उत्तर, उत्तराचा जावक क्रमांक. 'प्रगती' हा रकाना करू नका. तिथे दर वेळी मनासारखे काहीतरी लिहिले जाते. त्याऐवजी चारच शेरे वापरा: कागद निघाला, पैसा आला, माणूस बसला, रुग्णाला मिळाले. वचन कोणत्या पायरीवर अडले, ते पानाकडे पाहताच दिसते. पोच घेतल्याशिवाय टपाल देऊ नका, आणि पोचेवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक तिन्ही आहेत का, ते खिडकी सोडण्यापूर्वी पाहा.

वर्षातून दोनदा या पानांवरून दोन पानी टिपण काढा. नगरसेवकासाठी पालिकेचे, आमदारासाठी राज्याचे, पालकमंत्र्यांसाठी जिल्हा नियोजन समितीच्या निधीचे. आमदाराला टिपण अधिवेशनात देऊन उपयोग नाही. तारांकित प्रश्न स्वीकारण्याची मुदत अधिवेशन सुरू होण्याच्या बरीच आधी संपते, म्हणून तारखा जाहीर झाल्या त्याच आठवड्यात द्या, आणि टिपणाबरोबर विधिमंडळाच्या भाषेत लिहिलेला तयार प्रश्न जोडा. स्वीय सहायकाचे काम जितके कमी, तितकी प्रश्न लागण्याची शक्यता जास्त. रुग्णालयातल्या स्थितीबद्दलची गंभीर बाब असेल तर राज्य मानवी हक्क आयोग सीएसएमटीजवळच आहे. राष्ट्रीय आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये देशातल्या सरकारी मनोरुग्णालयांची अवस्था अमानवी आणि दयनीय असल्याचे म्हटले होते. तो संदर्भ तक्रारीत जोडता येतो.

आणि वही दोघांच्या हाती ठेवा. एकाची बदली, परीक्षा किंवा घरचे आजारपण आले की तिमाही चुकते. आवक क्रमांकांची पाने फोटो काढून दोन ठिकाणी जपा. पुढचा अर्ज जानेवारीत टाका: उत्तर फेब्रुवारीत येते, आणि मार्चचा राज्य अर्थसंकल्प मांडला जाण्याआधी ते आमदाराच्या हातात पडू शकते.